वर आलेले मासे

तलावाच्या काठावर उभं राहून कुणी म्हणालं, ‘बघा, मासे कसे भेटायला वर आलेत,’ की माझ्या डोक्यात तिडीक जाते. देवळाचं कुंड असो की बागेतला हौद, लोक पोरांना कडेवर घेऊन वाकतात, मुरमुरे टाकतात, हसतात. मी तिथं थांबत नाही. मासे कधीकधी खरंच खायला वर येतात, एवढं मलाही कळतं. पण वर येण्याचं दुसरंही एक कारण असतं, आणि ते मी भैयाच्या तलावावर पाहिलं आहे.

भैया म्हणजे माझा थोरला भाऊ. झाशीच्या मराठी घरांतून थोरल्या भावाला दादा म्हणायची रीत होती, ती आमच्यापर्यंत येईतो गळून पडली. आजूबाजूला सगळे भैया म्हणत, मीही म्हणू लागले. बाबांना ते आवडत नसे. घरात मराठीच बोलायचं असा त्यांचा दंडक होता, आणि आम्ही दोघं जिन्याच्या खालच्या पायरीवर पोचलो की लगेच हिंदीत शिरत असू. सीपरी बाजारात भांड्यांच्या एका दुकानावर आमच्या दोन खोल्या आणि पुढे थोडी गच्ची होती. आई गेलेली. बाबांची विधवा बहीण, आमची आत्या, घर सांभाळायची आणि मी बँकेत कारकून होते.

बाबा कचेरीतून निवृत्त झाले होते, पण ते स्वतःला कचेरीतला माणूस कधी समजलेच नाहीत. शहरात उरल्यासुरल्या मराठी घरांतली श्राद्धं, सत्यनारायण, मुंजी तेच सांगत. आपले पूर्वज इथं पूजाअर्चा सांभाळायला आले, तो धागा आता आपल्याच हातात आहे, असं ते फार गंभीरपणे मानत. त्यांना जुना दमा होता. थंडीत आणि उमस असली की पहाटे खाटेच्या कडेला बसून, गुडघ्यांवर हात रोवून, तोंड उघडं टाकून ते श्वास ओढत. आम्ही लहानपणापासून त्या आवाजानं जागे होत आलो होतो.

भैयाची नोकरी सुटली आणि थोडे दिवस इकडेतिकडे हातपाय मारून झाल्यावर त्यानं बरुआसागरच्या बाजूला एका गावचा तलाव भाडेपट्ट्यानं घेतला. मासे पाळणार, असं त्यानं जेवताना सांगितलं.

‘पाळणार की मारणार?’ बाबांनी विचारलं.

‘पाळणार. मग विकणार.’

‘म्हणजे मारणार.’

 दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळी बाबा आत्याला फक्त म्हणाले, ‘त्याचं पान तिकडे मांड.’ तिकडे म्हणजे दाराबाहेर, गच्चीवर, पाण्याच्या टाकीपाशी. तेव्हापासून भैया तिथंच जेवू लागला. दिवाळीचा फराळ तिकडे, आईच्या श्राद्धाचं जेवणही तिकडे. तो हसून नेई. ‘हमें तो हवा मिलती है,’ म्हणे, आणि ताट उचलून बाहेर जाई. पण मी त्याच्याबरोबर बसमधून तलावाकडे जायचे तेव्हा तो कधीतरी खिडकीबाहेर बघत म्हणायचा, ‘एकदा त्यांनी येऊन बघावं फक्त. एकदा.’ त्याला दुसरं काही नको होतं. बाबांच्या शेजारी पुन्हा पान मांडलं जावं, एवढंच हवं होतं, आणि मला ते इतकं साधं वाटायचं की बाबांच्या हट्टाचा संताप यायचा.

सुटीच्या दिवशी मी तलावावर जाऊ लागले. मला मासे खायचे नव्हते की विकायचे नव्हते. भैया तिथं मोकळा असायचा म्हणून मी जायचे. रोहू, कतला असे मासे त्यानं सोडले होते. बांधावर बसून तो मला पाणी वाचायला शिकवायचा. मासे खाणं टाकतात तेव्हा काहीतरी बिनसलेलं असतं. पाण्यात रोवलेल्या बांबूंना अंग घासू लागले की कातडीला काहीतरी डसलेलं असतं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे सकाळी सगळे वर येऊन तोंडं उघडतात ते. पाण्यात हवा उरली नाही की ते वरच्या थराशी येऊन धापा टाकतात. अशा वेळी खायला दाणासुद्धा टाकायचा नाही, कारण न खाल्लेलं अन्न कुजतं आणि उरलीसुरली हवाही पिऊन टाकतं. इंजिन लावायचं आणि पाणी उंच उडवायचं. त्यासाठी एक जुनं डिझेल इंजिन त्यानं बांधावर आणून बसवलं होतं.

‘मछली चिल्लाती नहीं,’ भैया म्हणायचा. ‘ओरडली असती ना, तर लोकांनी तिला असं वागवलं नसतं.’

कसं, ते मी एकदा पाहिलं. व्यापाऱ्याची गाडी भर उन्हात आली. त्याच्या माणसांनी जाळं ओढलं आणि मासे काठावरच्या ताडपत्रीवर ओतले. ढिगाच्या तळाचे दबले होते, वरचे उडत होते, खवले उन्हात चिकटलेले. जिवंत माशाला गिऱ्हाईक जास्त, म्हणून धडधाकट दिसतील ते निवडून पिंपांत कोंबले. पिंपात पाणी कमी आणि मासेच जास्त. भैया मध्ये पडला. असं उन्हात आपटू नका, आधी सावली करा, असं सांगू लागला. व्यापारी चिडला नाही, त्याला गंमतच वाटली.

‘अरे भैया, मरनें तो हैई इनखों,’ तो म्हणाला.

‘मरना है। पर अभी तो जी रहे हैं न।’

माणसं हसली. त्यानंतर भैयानं आपलेच नियम केले. जाळं ऊन चढायच्या आत टाकायचं, आदल्या दिवशी खाणं बंद, काठावर ओलं गोणपाट अंथरायचं, एका खेपेला थोडेच काढायचे. गावात त्याला वेड्यात काढत. बाबांनी इकडे त्याला खाटीक ठरवलं होतं आणि तिकडे हा माशांना ऊन लागू नये म्हणून चारचौघांत हसं करून घेत होता. घरी हे सांगायला गेले की बाबा हात वर करून मला थांबवत.

मग तो पितृपक्ष आला. आमच्याकडे पितृपक्षात आणि पाठोपाठच्या नवरात्रात निम्मं शहर मासे खाणं सोडतं, त्यामुळे व्यापाऱ्यानं दसऱ्यानंतरचं बघू म्हणून सांगितलं. भैयालाही त्या दिवसांत जाळं टाकायचं नव्हतं. बाबांना कळलं तर काय वाटेल, हा विचार त्याच्या डोक्यातून कधी जात नसे. मासे मात्र वाढून मोठे झाले होते आणि तलाव त्यांना पुरेनासा झाला होता. पाऊस सरत आलेला, आभाळ भरून राहिलेलं, पान हलत नव्हतं. पाणी गडद हिरवं झालं. रोज सकाळी मासे वर येत आणि भैया इंजिन लावून बसे.

घरी बाबांची वेगळीच काळजी चालली होती. सर्वपित्री अमावास्येला ते सगळ्या मराठी घरांना घेऊन शहरातल्या तलावावर जात. आदल्या वर्षी तिथं जलकुंभीनं पाणी झाकून टाकलं होतं. पिंड पानांवर अडकून राहिले आणि सगळ्यांच्या देखत डुकरानं ते ओढून नेले. बाबा त्या दिवशी जेवले नव्हते. यंदा कुठं जायचं, असं ते आत्याला विचारत होते, तेवढ्यात गच्चीवरून, ताटावरून मान वर न करता, भैया म्हणाला, ‘बाबा, माझ्या तलावाचं पाणी स्वच्छ आहे.’

 बाबांनी भिंतीकडे बघत विचारलं, ‘मासे आहेत त्यात?’

‘आहेत.’

‘त्या दिवशी जाळं दिसता कामा नये.’

‘नाही दिसणार.’

‘बरं,’ बाबा म्हणाले.

भैयानं ताट अर्धवट ठेवलं. हात धुऊन तो सरळ खाली उतरला. मग तो बांध साफ करत राहिला, पाण्यात उतरायला दगडांच्या पायऱ्या रचल्या, शेवटच्या पायरीवरचं शेवाळ वाळूनं घासून काढलं, बाबांचा पाय घसरू नये म्हणून.

अमावास्येच्या सकाळी आम्ही टेम्पो करून गेलो. बाबांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की नुसते पिंड नकोत, माशांनाही जेवायला घालायचं. ‘कापलेच जाणार आहेत बिचारे. पितरांच्या नावानं एकदा पोटभर खाऊ देत.’ त्यामुळे प्रत्येक घरातून भाताचे मुटके, पुऱ्या, वडे, कणकेच्या गोळ्या, खिरीची पातेली आली होती. टेम्पोत माणसांपेक्षा अन्नच जास्त होतं. मला वाटलं, भैया काहीतरी करेल, थोडंच टाकू देईल.

आम्ही पोचलो तेव्हा इंजिन चालू होतं. पाण्याचा फवारा तलावाच्या एका कोपऱ्यात पडत होता आणि मासे तिथं दाटीनं जमले होते. वारा अजिबात नव्हता, त्यामुळे धूर काठावरच लोंबकळत होता. बाबा टेम्पोतून उतरले आणि त्यांना ठसका लागला. त्यांनी उपरण्याचं टोक नाकाला लावलं.

‘बंद कर ते.’

‘बाबा, थोडा वेळ राहू दे. माशांना—’

बाबांना बोलता येईना. खोकता खोकता ते गुडघ्यांवर हात ठेवून वाकले. आत्या पाठ चोळू लागली. भैयानं पाण्याकडे पाहिलं, मग बाबांकडे, आणि जाऊन इंजिन बंद केलं. सुरू करायचं लोखंडी हँडल त्याच्या हातातच राहिलं.

‘आता कसं शांत वाटतंय,’ आत्या म्हणाली.

बाबांचा श्वास जागेवर आला. भैयानं रचलेल्या पायऱ्या उतरून ते पाण्यापाशी गेले आणि थबकले. फवारा थांबल्यावर मासे कोपरा सोडून सगळीकडे पसरले होते. जिकडे पाहावं तिकडे पाण्याबाहेर उघडी तोंडं, मिटत होती, पुन्हा उघडत होती. बाबांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. त्यांचे डोळे भरून आले.

‘अरे, हे तर वाट बघत होते,’ ते म्हणाले. ‘किती भुकेले आहेत बघा.’

मी भैयाकडे गेले. ‘भैया, इंजन...’

‘चुप रह,’ तो म्हणाला. ‘थोड़ी देर।’

ती थोडी देर काही संपेना. एकेका घराचं तर्पण, एकेका पूर्वजाचं नाव. बाबा प्रत्येकाचं सावकाश, नीट करत होते. धूर नव्हता, श्वास मोकळा होता, आवाज खणखणीत होता. पिंड सोडले गेले, मग बायकामुलांनी टोपल्या रिकाम्या करायला सुरुवात केली. मासे खात नव्हते. एखादा तोंडानं भाताच्या मुटक्याला नुसती ढुशी देई आणि बाजूला होई. पुऱ्या पाण्यावर फुगून तरंगू लागल्या. खिरीचा पांढरा डाग हळूहळू पसरला. ‘लाजतात,’ कुणी तरी म्हणालं, आणि सगळे हसले. भैया हँडल घट्ट धरून उभा होता. त्याच्या कपाळावर घाम होता आणि तो वारंवार इंजिनाकडे बघत होता.

तेव्हा बाबांनी त्याला हाक मारली. ‘ये इकडे. आईला पाणी दे.’

आईच्या श्राद्धाला बाबांनी त्याला गच्चीवरून आत येऊ दिलं नव्हतं. भैयानं हँडल गवतावर ठेवलं, पायऱ्या उतरला आणि बाबांच्या शेजारी उभा राहिला. बाबांनी त्याच्या ओंजळीत तीळ आणि पाणी घातलं आणि स्वतःच्या हातानं त्याचा हात कलता केला. दोघांच्या पायांशी, अगदी पायरीला लागून, एक मोठा कतला अर्धवट कुशीवर झाला होता. भैया त्याच्याकडेच बघत होता. बाबांना तो दिसला असेलही. त्यांना वाटलं असणार की पायाशी आलाय.

भैया आमच्याबरोबर परतला नाही. टेम्पो रस्त्याला लागला तेव्हा मागे इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. बाबांनी ऐकलं आणि म्हणाले, ‘यंत्राचा सोस फार त्याला.’ पण म्हणाले ते मायेनं.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या बसनं गेले. तलावावर पाणी दिसत नव्हतं, पांढरी पोटं दिसत होती. मोठे आधी गेले होते. काही अजून जिवंत होते, कुशीवर पडून गोल फिरत होते, कल्ले हलत होते. त्यांच्यामधून आंबलेला भात आणि पुऱ्या. इंजिन धडधडत होतं आणि त्याचा फवारा मेलेल्या माशांवर पडत होता. भैया छातीभर पाण्यात उभा राहून टोपलीत मासे भरत होता. जे अजून हलत होते त्यांना तो आधी उचलत होता आणि काठावर नेऊन दगडानं एका घावात संपवत होता. मी विचारलं, असं का. ‘अब इनसे और नहीं होगा,’ तो म्हणाला. खड्डा खणून, चुना टाकून सगळे पुरले. तो रडला नाही. मी रडले, आणि ते दुःखानं कमी, रागानं जास्त.

संध्याकाळी आम्ही दोघं घरी आलो. मी चपलाही न काढता सांगितलं, ‘बाबा, सगळे मासे मेले.’ पुढचं तोंडाशी आलं होतं, पण भैयानं माझ्याकडे असं पाहिलं की मी गिळलं. ते सांगायचं तर त्यानं सांगायचं होतं.

बाबांनी डोळे मिटून हात जोडले. 

‘सुटले,’ ते म्हणाले. ‘पितरांचा घास तोंडात घेऊन गेले. सुरीखाली जायचे ते पुण्य घेऊन गेले.’ मग त्यांनी भैयाकडे पाहिलं. ‘उभा का? ये, पानावर बस.’

आत्यानं लगबगीनं बाबांच्या शेजारी पान मांडलं. भैया बसला. चुन्यानं त्याची बोटं फाटली होती आणि घासूनही माशांचा वास गेला नव्हता. त्यानं वाढलेलं सगळं खाल्लं, वरणभात मागून घेतला, ताक प्यायला. बाबा मध्येच त्याला म्हणाले, ‘लिंबू घे.’ मला त्या दोघांचाही इतका राग आला की मी उठून गच्चीवर टाकीपाशी जाऊन उभी राहिले.

पुढे बाबा तो प्रसंग जाईल तिथं सांगू लागले. मासे कसे तोंड वासून वाट बघत होते, एकही मागे राहिला नव्हता, वगैरे. ऐकणारे हात जोडत. भैया समोर असला तर काहीतरी निमित्त काढून उठे. तलाव त्यानं सोडला नाही. पुन्हा थोडे मासे सोडले, आता फारच थोडे. रोज बाबांच्या शेजारी जेवायला बसे. तो सुखी होता असं मी म्हणणार नाही.

हिवाळ्यात धुकं दाटलं होतं तेव्हाची सकाळ. बाबांचा दमा उसळला. इन्हेलर ओढून झाला होता, पण अजून गुण येत नव्हता. ते खाटेच्या कडेला, हात गुडघ्यांवर, तोंड उघडं. भैया त्यांच्यापुढे जमिनीवर गुडघे टेकून बसला होता आणि हळू हळू म्हणत होता, घाई नको, घाई नको. आत्या घाबरून स्वयंपाकघरात गेली आणि वाटीत गरम शिरा घेऊन आली.

‘पोटात काही नाही म्हणून होतंय,’ ती म्हणाली. ‘दादा, एक घास घे. एकच.’ आणि तिनं चमचा त्यांच्या उघड्या तोंडात घातला.

शिरा त्यांच्या ओठांवर, हनुवटीवर आला. बाबांचे डोळे विस्फारले. त्यांनी मान इकडेतिकडे हलवली, आत्यानं पुन्हा चमचा पुढे केला, आणि त्यांनी सगळा जीव एकवटून तिचा हात ढकलला. वाटी खाली पडली. त्यांचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, आणि ते आत्याकडे बघतच नव्हते. ते भैयाकडे बघत होते. भैयानं नजर वळवली नाही.

हळूहळू औषध लागू पडलं. आत्या डोळे पुसत शिरा गोळा करू लागली. बाबांना बोलता येईपर्यंत खिडकीत उजेड आला होता.

‘ते मासे,’ ते म्हणाले, आणि थांबले. ‘ते भुकेले नव्हते.’

‘नाही.’

‘इंजिन त्यांच्या श्वासासाठी होतं?’

‘हो.’

बाबांनी उपरण्यानं हनुवटी पुसली. 

‘मग तू बोलला का नाहीस?’

‘तुम्ही पहिल्यांदाच आला होतात, बाबा.’

 दुपारी आत्यानं नेहमीसारखी पानं मांडली, दोघांची शेजारीशेजारी. बाबा भिंतीला धरत उठले, पानाला वळसा घालून दाराबाहेर गेले आणि गच्चीवर, त्या थंडीत, टाकीपाशी जाऊन बसले.

‘माझं इकडे मांड,’ त्यांनी आत्याला सांगितलं.

आत्यानं माझ्याकडे पाहिलं, मी भैयाकडे. शेवटी आत्यानं ताट उचलून बाहेर नेलं. भैया आत पानासमोर बसून राहिला. भात निवला, वरणावर साय धरली. शेजारची जागा रिकामी होती आणि तो तिच्याकडे बघत होता.